न मरणाऱ्या रथांचा हिशेब: एका खेळगटाने केलेल्या नियमदुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात टेबलावर लढाईचे खेळ खेळणारा एक लहानसा गट आहे. त्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारे एक सर, मासेमारी बोटीचे एक मालक, काजू कारखान्याचे हिशेब पाहणाऱ्या एक ताई, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि सुट्टीत घरी येणारे काही कॉलेजचे विद्यार्थी आहेत. गटाची मोठी मोहीम दरवर्षी पावसाळ्यात होते, कारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटमालकांना सवड असते आणि बाहेर कोसळणाऱ्या पावसात घराच्या पडवीत बसण्यावाचून इतरांनाही फारसे काही करता येत नाही. टेबल ६ फूट बाय ४ फुटांचे आहे. प्लायवूडची ८ बाय ४ ची शीट आणून ते कापले आणि उरलेली २ फुटांची पट्टी डावात पडलेल्या सैनिकांना ठेवायला बाजूला मांडली. पुढे सांगितलेल्या भांडणाचे मूळ एका अर्थी या पट्टीवरच दिसले, कारण एका खेळाडूचे रथ तिच्यावर जात आणि थोड्याच वेळात परत टेबलावर येत.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू ठरलेल्या पॉइंटांत आपली सेना निवडतो. आमच्या मोहिमेत ही मर्यादा २००० पॉइंटांची असते. लहान पुतळ्यांच्या तुकड्या टेपने इंच मोजून पुढे सरकवायच्या, मारा लागला की नाही ते साध्या सहा बाजूंच्या फाशाने ठरवायचे, आणि सहा पाळ्यांनंतर कोणाचे किती उरले ते पाहायचे. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ वॉरहॅमर. तो १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये निघाला. त्यात मृतांच्या सेना आरंभापासूनच्या आहेत, आणि इजिप्तच्या धर्तीवरील थडग्यांतल्या राजांची, रथांवर भर असलेली सेना २००३ च्या सुमारास स्वतंत्र झाली. २०१५ मध्ये कंपनीने ते जुने विश्व मोडीत काढले आणि २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने पुन्हा उभे केले, तेव्हा हे मृत राजे पहिल्या सेनांमध्येच परतले. आमचा गट मात्र स्वतःचा नियमसंच वापरतो. तो जुन्या आवृत्त्यांच्या धाटणीचा असला तरी एका दोनशेपानी वहीत मराठीत लिहिलेला आहे आणि मोहिमेच्या अखेरीस त्यात दुरुस्त्या होतात. ही वही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे.

मृतसेना रिवायंडिंगवाल्या तरुणाची. तिला ‘वेताळसेना’ म्हणावे अशी सूचना आली होती, पण ज्या भागात आरवलीच्या वेतोबाला लोक चपला आणि केळ्यांचे घड वाहतात, तिथे त्याच्या नावाने सांगाडे हलवणे घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचले नसते. म्हणून तिचे नाव साधे ‘मृतसेना’च राहिले. तिचे रथ पाहण्यासारखे आहेत. चाके सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराकडून चरकावर कातून आणलेली, आस बांबूच्या काडीचा, आणि घोड्यांचे सांगाडे तांब्याच्या वाइंडिंग तारेचे. पावसाळी दमट हवेत स्प्रेचा रंग पांढरट धुरकट बसतो. त्याने तो तसाच राहू दिला आणि हाडांना तो शोभूनही दिसतो.

अडचण

मोहिमेच्या पहिल्या काही आठवड्यांतच मृतसेनेविरुद्ध डाव लावायला कोणी तयार होईना. हरणे ही तक्रार नव्हती. तक्रार अशी होती की हरताना आपण वेगळे काय करायला हवे होते ते कळत नाही. बोटमालकांनी एकदा टेप गुंडाळत म्हटले, “ह्यो रथ मराचोच नाय, मगे आमी खेळाचा कित्याक?” समोरचा तरुण ओशाळला, पण त्याचीही बाजू खरी होती. त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता. वहीत लिहिले होते तेच तो करत होता.

एका डावाची पहिली पाळी सांगितली म्हणजे अडचणीचे स्वरूप स्पष्ट होईल. ताईंच्या सेनेत मध्यभागी २५ भालाईतांची तुकडी पाच-पाचच्या पाच रांगांत उभी होती. दोन्ही सेना आपापल्या कडेपासून १२ इंचांच्या पट्ट्यात मांडायच्या असल्याने मधले अंतर २४ इंच होते. रथ आपल्या हालचालीच्या टप्प्यात ८ इंच पुढे आले. मग जादूच्या टप्प्यात पुरोहिताने ‘हाक’ नावाचा मंत्र टाकला. त्याने तुकडीला आणखी एक हालचाल मिळते आणि ती चढाईही असू शकते. रथांची चढाई १६ इंचांची. आठ आणि सोळा, बरोबर चोवीस. ताईंनी अजून एकही फासा उचलला नव्हता आणि त्यांच्या मधल्या तुकडीवर तीन रथ आदळले होते. तुकडी पळाली, पळताना शेजारच्या तुकडीचे मनोधैर्य खचवून गेली, आणि उरलेल्या पाच पाळ्या नावापुरत्या झाल्या.

हिशेब मांडल्यावर काय दिसले

पहिला उपाय कोणता करायचा हे ठरवताना गटाने हिशेब मांडला नव्हता. तो नंतर मांडला. वाचकाच्या सोयीसाठी मात्र इथे आधी देतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून तपासता येतात.

तीन रथांच्या तुकडीची किंमत १६५ पॉइंट, म्हणजे रथामागे ५५. निशाण धरून २५ भालाईतांची किंमत १७५. किमती जवळपास सारख्या असल्याने समोरासमोरची टक्कर साधारण बरोबरीची व्हावी, अशी अपेक्षा रास्त होती.

चढाई करताना प्रत्येक रथ एक फासा टाकी आणि जितका आकडा पडे तितके धडकेचे मार आपोआप लागत. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून तीन रथांचे सरासरी १०.५ मार. फाशावर ३ किंवा जास्त पडले की मार जखम करी आणि ५ किंवा जास्त पडले की भालाईताचे चिलखत त्याला वाचवी, म्हणजे दर मारामागे मृत्यूची शक्यता ४/९. सरासरी ४.६७ भालाईत धडकेतच पडत. रथांवरचे सहा स्वार मिळून आणखी एक मारत. हातघाईत मारलेल्या प्रत्येकाचा एक गुण मिळतो, आणि हरलेल्या बाजूला गुणांच्या फरकाइतके वजा करून मनोधैर्याची चाचणी द्यावी लागते. रथांच्या निशाणाचा एक गुण धरला की त्यांची बेरीज ६.६७ होई. भालाईतांना मागच्या रांगांचे तीन आणि निशाणाचा एक असे चार गुण, आणि पुढची रांग बहुतेक आडवी झालेली असल्याने उलट मार जवळजवळ नाही. फरक पावणेतीनचा. भालाईतांचे मनोधैर्य ७, त्यातून ३ वजा केले तर दोन फाशांवर ४ किंवा कमी पडायला हवेत, आणि ३६ पैकी फक्त ६ वेळा ते पडतात. म्हणजे सारख्या किमतीची तुकडी, तीही समोरून, सहांतून पाच वेळा पळणार.

इतक्यावर भागले असते तर ते रथ फार बलवान आहेत एवढेच म्हणता आले असते. पण जेव्हा भालाईत टिकून राहत तेव्हाचे गणित अधिक बोलके होते. दुसऱ्या फेरीपासून धडक नसते. रथांच्या खात्यात एक मृत्यू आणि एक निशाण असे दोनच गुण उरतात. भालाईतांकडे चार आणि उलट माराचे सुमारे अर्धा. मृतसेना घाबरून पळत नाही, त्याऐवजी जितक्या गुणांनी हरली तितक्या जास्तीच्या जखमा घेते. सगळे धरून अडकलेल्या रथांच्या तुकडीला दर फेरीला सुमारे ३.१ जखमा व्हायला हव्यात. प्रत्येक रथ तीन जखमांनी मोडतो, म्हणजे तीन रथांच्या नऊ. म्हणजे अडकलेले रथ तीनेक फेऱ्यांत संपले पाहिजेत, आणि रथासारख्या तुकडीकडून तेच अपेक्षित आहे. पण मृतसेनेचे पुरोहित ‘उठवणी’चा मंत्र टाकत. तो कधीच फसत नसे आणि एक ते तीन, सरासरी दोन, जखमा भरून काढी. मोडलेला रथही त्याने पुन्हा उभा राही. दोन पुरोहित असले की दर पाळीला चार. जखमा तीन, भरपाई चार.

धनुर्धाऱ्यांचेही तेच. २० धनुर्धारी जवळून नेम धरत तेव्हा सरासरी २.२ जखमा करत. त्यांची किंमत २०० पॉइंट. १०० पॉइंटांचा एक पुरोहित त्यांचा जवळपास सगळा मारा दर पाळीला पुसून टाकी.

यातला प्रत्येक नियम एकटा पाहिला तर अवाजवी नाही. मृतसेनेच्या तुकड्यांना दुप्पट वेगाने चालता येत नाही, म्हणून ‘हाक’ लागते. सांगाडे दुबळे, म्हणून ‘उठवणी’ लागते. चालणारे भालाईत सांगाडे या दोन्ही मंत्रांनिशी कोणाला जड गेले नव्हते. हेच मंत्र वेगवान, जोराने धडकणाऱ्या आणि दर पुतळ्यामागे जास्त जखमा सोसणाऱ्या तुकडीवर पडले की तिन्ही गोष्टींचा गुणाकार होई. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच होते. रथाच्या नावापुढच्या पॉइंटांत ते शोधणाऱ्यांना ते सापडणे शक्यच नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय किंमत वाढवण्याचा होता आणि तोच आधी केला. रथ ५५ वरून ७० वर नेला. तुकडी १६५ ऐवजी २१० ची झाली. तीन तुकड्या घेणाऱ्याला १३५ पॉइंट जास्त मोजावे लागले. तरुणाने भालाईत सांगाड्यांची एक तुकडी कमी केली आणि तिन्ही रथतुकड्या ठेवल्या. टक्कर होती तशीच राहिली. उलट डाव अधिक लहरी झाले. तीन फाशांची बेरीज २१६ पैकी ३५ वेळा ७ किंवा कमी येते आणि तितक्याच वेळा १४ किंवा जास्त. म्हणजे दर सहा चढायांत साधारण एक फुसकी जाणार आणि एक सगळे झोडपून काढणार. मागे आधार देणारे पायदळ कमी झाल्यामुळे फुसकी चढाई आता तरुणाचा संपूर्ण डाव बुडवू लागली, आणि यशस्वी चढाई पूर्वीइतकीच समोरच्याचा. दोघांनाही खेळायला काही उरले नाही. महाग केल्याने रथ सुधारले नाहीत. टेबलावर त्यांची संख्याही घटली नाही, त्यांच्याभोवतीचे सगळे मात्र विरळ झाले.

त्याच सुमारास दुसरा पर्याय पुढे आला: टेबलावर अडथळे वाढवावेत. वॉरहॅमरच्या जुन्या आवृत्त्यांत खडकाळ किंवा दाट जागेतून जाणाऱ्या रथाला जबर इजा होई. त्या धर्तीवर जांभ्याचे गडगे, शेताचे बांध आणि चिखलाची खाचरे मांडायचे ठरले. सरांनी इ. स. पू. ३२६ मधल्या झेलमकाठच्या लढाईची आठवण दिली, जिथे पावसाने भिजलेल्या जमिनीत पोरसाचे रथ रुतले होते. एका विद्यार्थ्याने त्यावर, इतक्या लांब कशाला जायचे, कर्णाचे चाक काय कमी आहे, असे म्हटले. टेबल देखणे झाले यात शंका नाही. पण अडथळ्यांचा फटका बोटमालकांच्या घोडदळालाही तितकाच बसू लागला, आणि ज्या बाजूला मोकळे रान असे त्या बाजूला तरुण आपले रथ मांडी. सगळे टेबल अडथळ्यांनी भरले तर रथ कोणी घेणारच नाही, म्हणजे तुकडी नियमातून काढून टाकल्यासारखेच झाले.

तुकड्यांची संख्या एकावर आणण्याचाही पर्याय निघाला. तो लवकर मागे पडला, कारण एकच तुकडी पहिल्याच पाळीला चोवीस इंच जाणार असेल तर तेवढी पुरे होती. शिवाय ज्याने हाताने इतके रथ बनवले त्याला ते कपाटात ठेवायला सांगणे सगळ्यांनाच जड वाटत होते.

चौथ्या पर्यायावर गटाचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो गेला ते बरेच झाले. इ. स. पू. ३३१ मध्ये गौगामेला येथे दारियसचे पात्यांचे रथ चालून आले तेव्हा अलेक्झांडरच्या सैन्याने रांगा उघडून त्यांना वाट दिली आणि आत शिरलेल्या रथांचा मागच्या मागे निकाल लावला. सरांनी हा दाखला देऊन ‘वाट मोकळी’ हा नियम सुचवला: रथ चालून येताना पायदळाने रांगा उघडल्या तर धडकेचे मार निम्मे, पण त्या फेरीपुरते रांगांचे तीन गुण गमवायचे. सगळ्यांना तो आवडला. ताईंनी मात्र कागदावर बेरीज करून दाखवली. रांगा उघडल्या तर धडकेत सरासरी ४.६७ ऐवजी २.३३ मरतील, रथांची बेरीज ४.३३ होईल, आणि भालाईतांकडे निशाणाचा एकच गुण उरेल. फरक ३.३३. न उघडता उभे राहिले तर फरक २.६७. म्हणजे वाट देणाऱ्याची स्थिती जास्त बिकट. इतिहासाला धरून असलेला हा नियम लिहिला असता तर वहीत राहिला असता, पण टेबलावर कोणी वापरला नसता.

पाचवा पर्याय धडकेचा फासा निम्मा करण्याचा, म्हणजे १-२ ला एक, ३-४ ला दोन, ५-६ ला तीन. सरांचा याला पाठिंबा होता, आणि त्यांचे कारण मला पटणारे होते. इजिप्तचा रथ हलका, आरे असलेल्या चाकांचा आणि दोन माणसांचा असे. इ. स. पू. १२७४ च्या सुमारास कादेशला रामसेस दुसरा लढला तेव्हा तो रथ मुख्यतः धनुर्धाऱ्याला वेगाने इकडून तिकडे नेणारे साधन होते, माणसांच्या भिंतीवर आदळायचे वाहन नव्हते. आमच्या मृतसेनेच्या रथांवर धनुष्ये होतीच. ती वापरण्याची गरजच कोणाला पडली नव्हती.

निर्णय आणि कृती

कळीचा निर्णय नियमांबाबतचा नव्हता. डावाच्या दोन्ही बाजू बदलून पाहायच्या, असे ठरले. तरुणाने ताईंची माणसांची सेना घ्यायची आणि ताईंनी मृतसेना. तरुणाला तोवर वाटत असे की बाकीच्यांना रथांशी लढायचे तंत्र माहीत नाही आणि सगळे मिळून त्याच्या मेहनतीवर उठले आहेत. त्याने ताईंच्या सेनेतले पाच हलके घोडेस्वार रथांच्या अगदी पुढे, तिरके उभे केले. चढाई करणाऱ्याला त्यांच्यावरच जावे लागावे आणि मग त्याची कड उघडी पडावी, हा जुना आणि चांगला डाव आहे. ताईंनी त्या स्वारांवर एक रथतुकडी घातली, त्यांना उडवले, आणि ‘हाक’ देऊन दुसरी तुकडी मोकळ्या झालेल्या वाटेने थेट त्याच्या भालाईतांवर पाठवली. तरुण बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, यावर माझ्याकडेपण उत्तर नाहीये.” त्यानंतर दुरुस्त्यांचा मसुदा त्यानेच माझ्याबरोबर बसून लिहिला.

मसुद्यात चार गोष्टी ठरल्या. ‘हाक’ मिळालेली तुकडी त्या पाळीत आधीच हलली असेल तर मंत्राने तिला साधे चालता येईल, चढाई करता येणार नाही. त्यामुळे रथांचा पल्ला २४ वरून १६ इंचांवर आला आणि समोरच्याला निदान एक पाळी मिळू लागली. धडकेचा फासा निम्मा झाला. ‘उठवणी’ एका तुकडीवर एका पाळीत एकदाच पडेल, हातघाईत गुंतलेल्या रथांची एकच जखम भरेल, आणि मोडलेला रथ परत येणार नाही. आणि ‘वाट मोकळी’ नियम नव्या रूपात आला: पायदळाने मनोधैर्याची चाचणी द्यायची. यशस्वी झाले तर रथ निम्मे मार देऊन थेट आरपार जातील, हातघाई होणार नाही, रथ पलीकडे थांबतील आणि पुढच्या पाळीत त्यांना चढाई करता येणार नाही. चाचणी फसली तर पूर्ण मार, वर रांगांचे गुणही गेले. मनोधैर्य ७ असलेल्या तुकडीला हे ३६ पैकी २१ वेळा साधते. ही जोखीम घ्यायची की नाही, हा प्रश्न आता खरोखर विचार करण्याजोगा झाला, कारण पलीकडे थांबलेल्या रथांना मारायला मागे कोणी उभे केले आहे का, यावर त्याचे उत्तर ठरते.

किमतीबद्दल मतभेद झाला. बोटमालकांचा आग्रह होता की ७० च ठेवावेत. शेवटी नवा हिशेब पाहून ५५ वर परत यायचे ठरले. निम्म्या फाशाने तीन रथांचे सरासरी सहा मार, मृत्यू २.६७. स्वार आणि निशाण धरून रथांची बेरीज ४.६७, भालाईतांचे चार आणि थोडेसे. १६५ विरुद्ध १७५ ला समोरून ही टक्कर जवळजवळ बरोबरीची. बाजूने चढाई केली तर रांगांचे तीन गुण जातात आणि रथ सहज जिंकतात. ज्याने मांडणी चांगली केली त्याला फळ मिळावे, हे रथासारख्या तुकडीबाबत मला सर्वांत रास्त वाटते.

परिणाम

मोहिमेच्या उरलेल्या भागात मृतसेनेविरुद्ध डाव लावायला लोक पुन्हा बसू लागले, आणि निकाल दोन्हीकडे लागू लागले. दिसलेला बदल तरुणाच्या खेळात जास्त होता. रथ मध्यभागातून कडेला गेले. तो आता पहिल्या दोन पाळ्या बाण मारण्यात घालवतो, समोरच्याची रांग कुठे विस्कटते ते पाहतो, आणि मग चढाई करतो. त्याच्या भालाईत सांगाड्यांना काम मिळाले, कारण समोरच्याला जागेवर धरून ठेवायला कोणीतरी लागते.

धनुर्धाऱ्यांचेही मोल वाढले. एका तुकडीचा मारा ‘उठवणी’ अजूनही बऱ्याच अंशी भरून काढते, पण दोन तुकड्यांनी एकाच पाळीत एकाच रथतुकडीवर नेम धरला तर सरासरी चारच्या वर जखमा होतात, एक रथ मोडतो आणि तो बाजूच्या पट्टीवरच राहतो. कोणावर आणि केव्हा मारायचे याची चर्चा जोडीने खेळणाऱ्यांत होऊ लागली, ती पूर्वी होत नसे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. नवी ‘उठवणी’ पायी चालणाऱ्या सांगाड्यांना बाधली. एकदाच पडण्याचे बंधन सगळ्या तुकड्यांना लागू लिहिले गेले होते आणि त्यांची तर कोणाची तक्रारच नव्हती. ते बंधन नंतर फक्त रथ आणि घोडदळापुरते ठेवले. ‘वाट मोकळी’ नियम शिस्तबद्ध तुकड्यांना फार सोपा पडतो, मनोधैर्य ९ असले तर ३६ पैकी ३० वेळा, आणि अशा तुकड्यांपुढे रथ आता काहीसे केविलवाणे होतात. हे काहींना योग्य वाटते. मला वाटते की चाचणीला एक वजा करायला हरकत नाही.

वेगळे काय करता आले असते

किंमतवाढ आणि अडथळे हे दोन बदल एकाच रविवारी लागू झाले. त्यामुळे पुढच्या डावांत जे बदलले ते कशामुळे, याचा निकाल देता येईना, आणि काही आठवडे वादात गेले. एका वेळी एकच बदल आणि तोही किमान दोन वेगळ्या सेनांविरुद्ध, अशी शिस्त असती तर किंमतवाढीचा फोलपणा लवकर दिसला असता.

हिशेबही उशिरा मांडला गेला. इथे दिलेल्या सगळ्या सरासऱ्या शाळेतल्या अपूर्णांकांच्या पलीकडच्या नाहीत आणि एका संध्याकाळी होण्यासारख्या आहेत. पण सरासरीवर फार विसंबण्यातही धोका आहे. पहिल्या पाळीतली चोवीस इंचांची उडी कुठल्याही सरासरीत दिसत नाही. ती टेप लावल्यावरच दिसते. म्हणून आता वहीत नवी तुकडी लिहिताना तिच्यावर पडू शकणाऱ्या प्रत्येक मंत्रासह तिचा सर्वांत लांबचा पल्ला पानाच्या कडेला लिहिण्याची पद्धत ठेवली आहे.

सेनेच्या मालकाला दुरुस्तीत आरंभीच सामील करून घेणे हा तिसरा मुद्दा. किंमतवाढ त्याच्या पाठीमागे ठरली होती आणि त्याला ती दुसऱ्या दिवशी कळली. बाजू बदलून खेळण्याचा डाव आधी झाला असता तर कटुता बरीच टळली असती, आणि दुसऱ्या तुकडीला ‘हाक’ देऊन वाट काढण्याची युक्तीही तेव्हाच उघड झाली असती.

एक प्रश्न पुढच्या मोहिमेवर सोडला आहे. मृतसेनेचा राजा स्वतः रथावर असेल आणि तुकडीत सामील झाला असेल तर त्याच्या रथाची धडक पूर्ण फाशाची धरावी की निम्म्या, हे ठरलेले नाही. तीन साधे रथ आणि राजा मिळून पूर्ण फाशाने सरासरी साडेनऊ मार होतात, म्हणजे जुन्या १०.५ च्या बरेच जवळ. राजाची किंमत वेगळी मोजलेली असते हे खरे, आणि राजाने थोडे जास्त मारावे हेही योग्य. तरुण पूर्ण फाशाच्या बाजूचा आहे, बोटमालक निम्म्याच्या, आणि ताईंनी राजाला पूर्ण फासा पण त्याच्या तुकडीला ‘उठवणी’ मुळीच नाही, असा मधला मसुदा लिहून दिला आहे. येत्या जूनमध्ये आधी तोच खेळून पाहायचा आहे.